हजेरीतल्या नांग्या

यंदा मिरचीने दगा दिला. ट्रे वेळेवर भरले होते, बियाणं नेहमीच्याच दुकानातलं होतं, पाणीही हात राखून दिलेलं. तरी नवव्या दिवशी वरचं कापड उचललं तर प्रत्येक ट्रेमध्ये वीस-पंचवीस भोकं रिकामी. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव भोकं असतात. त्यातली पाच-सात रिकामी राहिली तर रोपवाटिका चालवणारा माणूस कपाळाला हात लावत नाही. पंचवीस राहिली तर लावतो. आबांनी दोन्ही हात लावले.

"बियाणंच म्हातारं निघालं," ते म्हणाले.

"पाकिटावरची तारीख तुम्हीच वाचून घेतली होती," सून म्हणाली. ती दुसऱ्या टोकाला झारीने पाणी देत होती आणि तिने मानही वर केली नाही.

"तारखेचं काय? छापणारा काय, काहीही छापतो."

आबांशी वाद घालायचा म्हणजे अंगात बळ लागतं, आणि सुनेला ते सकाळी सातला वाया घालवायचं नव्हतं. ती पुढच्या रांगेकडे सरकली.

अडीचशे ट्रे होते. पाच आठवड्यांनी मिरचीची रोपं न्यायला गिऱ्हाइकं येणार होती आणि प्रत्येकाला शब्द दिलेला होता. रिकामी भोकं तशीच ठेवून ट्रे देता येत नाही. मग एकच उपाय: एक ट्रे मोडायचा आणि त्यातली रोपं बारीक काडीने मुळासकट उचलून बाकीच्या ट्रेंच्या रिकाम्या भोकांत बसवायची. याला नांग्या भरणं म्हणतात. काम दिसायला पोरखेळ, पण करून बघावं. रोप सुतळीच्या धाग्याएवढं. देठाला धरलं तर चिरडतं, म्हणून पानाला धरायचं. मूळ वाकडं गेलं तर दोन दिवसांत मान टाकतं. मोठ्या माणसांच्या बोटांना ते जमता जमत नाही. आबांची बोटं तर गाजरासारखी.

पण त्यांच्याकडे बारकी होती.

बारकी म्हणजे नात. नऊ वर्षांची, चौथीतली, अंगाने काटकुळी. उपड्या क्रेटवर बसून ती एका हाताने काडी आणि दुसऱ्या हाताने रोप असं चालवायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. तिने बसवलेलं रोप मेलं असं क्वचित व्हायचं. आबा तिचं तोंडभरून कौतुक करत. आल्या-गेल्याला तिची बोटं दाखवत. "ही बोटं बघा. सोन्याने मढवावीत अशी," असं म्हणून झालं की बारकी लाजायची आणि आणखी एक ट्रे ओढून घ्यायची.

त्या दिवशीही ती बसली होती. शाळेची घंटा झाली ती सगळ्यांनी ऐकली. बारकीने पुढचं रोप उचललं.

गुरुजी आले ते सायकल हातात धरून, चालत. सायकलवरून न येता ती ढकलत येणारा माणूस काहीतरी जड घेऊन येतो, हे आबांना ठाऊक होतं. गुरुजी पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाच्या बाहीवर कायम खडूची पूड. शाळेत पहिली ते चौथी मिळून सव्वीस मुलं, दोन खोल्या आणि शिकवायला हे एकटे. दुसऱ्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी होती. ती भरा म्हणून आबांनी अर्जावर अर्ज केले होते, कारण आबा शाळा समितीचे अध्यक्ष होते. अकरा वर्षं होते. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं हे खरं. पण लोक "अध्यक्ष" म्हणून हाक मारत आणि ती हाक आबांना चहापेक्षा गोड लागे.

"अध्यक्ष, गुरुवारी तपासणी आहे," गुरुजी म्हणाले. "जिल्ह्याहून बाई येणार. एकेका मुलाला समोर बसवून बघणार. अक्षर येतं का, शब्द येतो का, उतारा वाचता येतो का, बेरीज-वजाबाकी येते का. सगळं कागदावर लिहून नेणार."

"मग नेऊ दे की."

"सगळ्यांना येत नाही."

"किती जणांना येत नाही?"

गुरुजींनी सायकलचं हँडल उगाचच सरळ केलं. "आठ-नऊ."

आबांनी हातातली काडी कानावर खोचली. त्यांच्या डोक्यात काही शिजायला लागलं की काडी कानावर जायची. "गुरुजी, तुम्ही शिकलेले, पण धंदा कळत नाही तुम्हाला. गिऱ्हाईक दारात आलं की आम्ही काय करतो? चांगले ट्रे पुढे, किडके-मिडके मागच्या शेडमध्ये. खोटं बोलत नाही हां. फक्त दाखवत नाही."

"अध्यक्ष, ती रोपं असतात."

"मग? रोपवाटिकेला अब्रू असते आणि शाळेला नसते? नऊ पोरं त्या दिवशी इकडे पाठवून द्या. नांग्या भरतील, चिवडा खातील, खूश होतील. तुमचीही मान ताठ, माझीही."

गुरुजींनी सायकल स्टँडवर लावली. माणूस प्रामाणिक होता, पण सव्वीस मुलांना एकट्याने हाकून हाकून थकला होता आणि थकलेल्या माणसाला सोपी वाट फार पटकन दिसते. त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं. शिंप्याची मुलगी, न्हाव्याची जुळी, पंपावरच्या वॉचमनचा मुलगा ज्याला सगळे 'भोंगा' म्हणत, असं करत आठ नावं लिहिली. मग पेन्सिल थांबली.

"नववं?" आबा म्हणाले.

गुरुजी आत, क्रेटवर वाकलेल्या बारकीकडे बघत होते.

"काय चेष्टा करता?" आबा म्हणाले. "ती वाचते. रोज वाचते. पुस्तक घेऊन बसते समोर."

"पाठ आहे तिला, अध्यक्ष. पहिले चार धडे शब्दन् शब्द पाठ. पाचवा काढला की गप्प. तिची चूक नाही. ती हुशार आहे, ऐकून ऐकून धरते. पण वाचता येत नाही." गुरुजींचा आवाज खाली गेला. "आणि हे तिचं इथलं शेवटचं वर्ष. पुढे पाचवीला पलीकडच्या मोठ्या गावात जायचं. तिथे एका वर्गात साठ. तिथे कोणी तिला अक्षरापासून बसवणार नाही. गवंड्याची मोठी मुलगी आठवते ना? दिवाळी-दसरा बघितला नाही तिने त्या शाळेत. चार महिन्यांत परत आली."

आबांना आठवत होतं. न आठवायला काय झालं? गवंड्याची मुलगी त्या क्षणी शेडच्या मागे हौदावर रिकामे ट्रे धूत होती. ब्रशचा आवाज इथवर येत होता.

त्या संध्याकाळी आबांनी चष्मा लावला आणि बारकीला समोर बसवलं. धड्याचं पुस्तक काढलं नाही. बियाण्याची रिकामी पाकिटं काढली. पहिलं धरलं. "टोमॅटो," बारकी म्हणाली. दुसरं. "कोबी." तिसरं. "वांगं, लांबट." आबांनी सुनेकडे विजयाने बघितलं. सून भाकरी थापत होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, "चित्र झाका, आबा."

आबांनी चौथ्या पाकिटावरच्या चित्रावर अंगठा ठेवला. जाड अंगठा, चित्र अख्खं झाकलं गेलं. खाली मोठ्या लाल अक्षरांत नाव होतं. बारकीने पाकिटाकडे बघितलं, मग आबांच्या अंगठ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. तिचे कान लाल झाले.

"आबा, अंगठा काढा ना," ती हळूच म्हणाली.

तवा तापून धूर यायला लागला तरी सुनेने भाकरी टाकली नाही. "मी दोनदा सांगितलं होतं, पोरीला शाळेत जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, एवढी कोबीची खेप होऊ दे. मग म्हणालात, एवढी मिरचीची."

आबा पाकिटं एकावर एक रचत राहिले. मुलगा टेंपो लावून आत आला तेव्हा त्याने बापाला गप्प बसलेलं बघितलं आणि ताप आलाय का म्हणून विचारलं.

एवढं कळल्यावर तरी माणसाने शहाणं व्हावं. पण आबा अध्यक्ष होते. उलट आता त्यांना गुरुवारची जास्तच धास्ती वाटायला लागली. अध्यक्षाचीच नात ढ, असं कागदावर लिहून जिल्ह्याला गेलं तर? गुरुवारी सकाळी नऊच्या नऊ पोरं मागच्या शेडमध्ये आली. आबांनी प्रत्येकाला एक काडी दिली, एक क्रेट दिला आणि मध्ये चिवड्याचं पातेलं ठेवलं. बारकी सगळ्यांना शिकवत होती: देठाला नाही, पानाला धर. भोंग्याने पहिल्या पाच मिनिटांत तीन रोपं मोडली आणि सगळा दोष काडीला दिला.

तिकडे शाळेत काय झालं ते आबांना नंतर कळलं. बाईंनी हजेरीचं रजिस्टर मागितलं, सव्वीस नावं मोजली, समोरची सतरा डोकी मोजली आणि बाकीचे कुठे म्हणून विचारलं. गुरुजी घसा खाकरेपर्यंत पहिलीतली एक चिमुरडी उभी राहिली. तिला असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला फार आवडायचं. "बाई, ज्यांना येत नाही ते आबांच्या शेडमध्ये आहेत!" तिने खणखणीत आवाजात सांगितलं. वर, "तिकडे चिवडा आहे," हेही सांगितलं.

बाई आल्या त्या चालतच आल्या. चाळिशीच्या, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. मागे गुरुजी, शिक्षा झालेल्या पोरासारखे. आबांनी त्यांना जाळीतून बघितलं. आणि ते दारात आडवे उभे राहिले.

"या या. सहल आहे," ते म्हणाले. "शैक्षणिक. मुलांना शेतीची माहिती असावी म्हणून."

"छान," बाई म्हणाल्या. "मग मलाही दाखवा."

आत सावलीला ओलसर उकाडा होता. बाईंनी एक क्रेट उपडा केला आणि पोरांच्या रांगेतच बसल्या. कपाळाचा घाम पदराने पुसला. कोणाला ओरडल्या नाहीत, त्यामुळे आबांना आणखीच अवघडल्यासारखं झालं. ओरडणाऱ्या माणसाशी त्यांना बोलता यायचं. बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि एकेकाला जवळ बोलावून बसवायला लागल्या. हे अक्षर कोणतं? हा शब्द? बरं, हा नको, हा बघ. शिंप्याच्या मुलीला शब्द येत होते. जुळ्यांपैकी एकाला अक्षरं येत होती, दुसरा पहिल्याच्या तोंडाकडे बघून ओठ हलवत होता. भोंग्याने एक अख्खं वाक्य म्हटलं. ते कागदावर नव्हतं, पण म्हटलं ठणठणीत.

मग बारकी. तिला बसता बसता घाम फुटला होता. हाताला ओला भुसा लागला होता, तो तिने फ्रॉकला पुसला. बाईंनी शब्द दाखवला. बारकी गप्प. दुसरा दाखवला. गप्प. अक्षरं दाखवली, तेव्हा तिने बारा-तेरा ओळखली आणि दोन चुकली. आबा तीन हातांवर उभे होते. त्यांनी आयुष्यात गारपीट बघितली होती, पुरात अख्खी शेड गेलेली बघितली होती, आणि ते त्यांना बघवलं होतं. पण ही पोर दिवसाला तीस ट्रे भरते आणि तिच्यासमोर एक एवढासा कागद धरला तर अंग चोरून बसते, हे त्यांना बघवेना.

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "हा ट्रे तुझा का गं? किती रोपं आहेत यात?"

"सत्त्याऐंशी," बारकी म्हणाली. लगेच म्हणाली.

"मोजलीस?"

"नाही. अकरा नांग्या आहेत. सात रांगा, रांगेत चौदा. अठ्ठ्याण्णवातून अकरा गेले."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग लिहिलं. बरंच लिहिलं. लिहिता लिहिता आबांना विचारलं, "नांग्या कधी भरतात हो?"

आता हा प्रश्न आबांना झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी तासभर बोलून दाखवलं असतं. "वेळेवर भरायच्या. नवव्या-दहाव्या दिवशी. तेव्हा भरलं की रोप बाकीच्यांच्या बरोबरीने येतं, कळतही नाही कुठलं मागाहून बसवलं ते. पंधरवडा गेला की संपलं. आजूबाजूची मोठी झालेली असतात, त्यांच्या सावलीत हे पिवळं पडतं."

"मग पंधरवडा गेला असेल तर? फेकून देता?"

"फेकतो कशाला? बारकी बारकी रोपं काढायची आणि त्यांचा वेगळा ट्रे करायचा. एका उंचीची एकत्र. वेगळं पाणी, वेगळं ऊन. वेळ लागतो, पण येतात. चांगली येतात. फक्त रोज बघावं लागतं, एक दिवस जरी..."

आबा थांबले. का थांबले ते त्यांचं त्यांनाच नीट कळलं नाही. बाईंनी पिशवीतून शाळेचं हजेरी रजिस्टर काढलं होतं आणि बारकीच्या ओळीवर बोट ठेवून ते उघडं मांडीवर धरलं होतं.

आबांनी चष्मा लावला. चौकटीच चौकटी होत्या, महिन्यामागून महिना. हजर असेल तिथे टिंब आणि नसेल तिथे चौकट लाल शाईने कोरलेली. बारकीच्या ओळीत सलग चार लाल, मग टिंब, मग सलग सात लाल. आबा तारखा वाचत गेले. ही कोबीची खेप. ही टोमॅटोची पहिली, ही दुसरी. ही गेल्या वर्षीची मिरची, तेव्हा पंधरा दिवस. वर्षभराच्या प्रत्येक खेपेची तारीख त्यांना तोंडपाठ होती, आणि ती सगळी या ओळीत लाल शाईने लिहिलेली होती. ही भोकं बियाण्याने पाडलेली नव्हती. त्यांनी स्वतः, एकेक करून, कौतुक करत करत पाडली होती.

ते शेजारच्या क्रेटवर बसले. क्रेट करकरला.

"अध्यक्ष," बाई म्हणाल्या, "मला आता लिहायचंय. आज शाळेत सतराच होती. ही नऊ मी गैरहजर लिहू शकते. मग तुमच्या शाळेचा निकाल सतरावर धरतील, आणि तो चांगला आहे. किंवा हजर लिहू शकते. मग सव्वीसवर धरतील. तुम्ही सांगा."

गुरुजी जमिनीकडे बघत होते. सव्वीसवर धरलं की शाळेचं नाव यादीच्या तळाशी जाणार, हे तिघांनाही कळत होतं. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारायला येणार, कागद मागणार. अकरा वर्षं जपलेली अध्यक्षपदाची इस्त्री एका दिवसात मोडणार. बारकी आबांकडे बघत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण आबा तिच्या बाजूला बसले आहेत की बाईंच्या, एवढं तिला बघायचं होतं.

"हजर लिहा," आबा म्हणाले. आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाले, "सगळी हजर आहेत."

बाईंनी लिहिलं आणि चिवड्याचं पातेलं पुढे ओढलं.

यादी आली तेव्हा शाळा खालून तिसरी होती. गावात दोन-चार जणांनी आबांना चावडीवर गाठून "काय अध्यक्ष, खालून पहिला नंबर हुकला म्हणे!" असं विचारून घेतलं. आबांनी ऐकून घेतलं. पूर्वीचे आबा असते तर चावडीचं छप्पर उडालं असतं.

शाळेत मात्र काहीतरी हललं. गुरुजी आणि बाईंनी बसून ठरवलं: रोज सकाळचे दोन तास इयत्ता विसरायची. ज्याला जे येतं तिथे त्याने बसायचं. अक्षरवाले एका कोपऱ्यात, शब्दवाले दुसऱ्या, वाक्यवाले व्हरांड्यात, आणि उताऱ्यावाल्यांनी आलटून पालटून अक्षरवाल्यांना शिकवायचं. बारकी अक्षरवाल्यांत बसली. तिच्या एका बाजूला पहिलीतली ती चिमुरडी, जिने शेडचा पत्ता फोडला होता. चौथीतल्या मुलीने पहिलीतल्या पोरांत मांडी घालून बसायचं म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत. पहिल्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

"ती शेंबडी मला शिकवते," ती आईजवळ रडली.

"मग तू तिला वजाबाकी शिकव," आई म्हणाली. तिने लेकीचे केस जरा जास्तच घट्ट विंचरले, कारण तिचेही डोळे भरले होते.

आणि शेडमध्ये आबा नांग्या भरायला बसले. गवंड्याच्या मुलीला त्यांनी हौदावरून उठवून शेजारी बसवलं, कारण तिची बोटं तरी बारीक होती. स्वतः चष्मा लावून, नाक ट्रेला टेकवून, गाजरांसारख्या बोटांत काडी धरून बसले. पहिल्या दिवशी चाळीस रोपं मोडली. दुसऱ्या दिवशी पस्तीस. कंबर दुपारपर्यंत लाकूड व्हायची आणि सुनेला हात धरून उठवावं लागायचं. मुलगा म्हणाला, "आबा, या गतीने आपली मिरची पुढच्या वर्षी तयार होईल." आबांनी त्याला टेंपो धुवायला पाठवलं.

तिसऱ्या आठवड्यात ऊन एकदम चढलं. तयार होत आलेली रोपं सुकायला लागली, दिवसातून चार वेळा झारी फिरवायची वेळ आली, आणि साठ ट्रे अजून बाकी होते; पंधरवडा उलटल्यामुळे त्यांतली बारकी रोपं काढून आता वेगळी बसवायची होती. सकाळी आबा शेडमध्ये आले तर बारकी आधीच क्रेटवर बसलेली. दप्तर घरात. काडी हातात.

"ऊठ," आबा म्हणाले.

"आजचा दिवस, आबा. तुमच्याने होत नाही ते. काल तुम्ही किती मोडलीत ते मी कचऱ्यात बघितलं."

खरं होतं. आणि खरं सांगायचं तर आबांच्या मनात आलंच, की एकच तर दिवस. साठ ट्रे. ही बसली तर दुपारपर्यंत वीस निघतील. पोर स्वतःहून बसली आहे. तोंड उघडलंही त्यांनी. मागे गवंड्याची मुलगी खाली मान घालून रोपं बसवत होती, आणि तिने वर बघितलं नाही, पण तिची काडी थांबली.

"नाही होत माझ्याने," आबा म्हणाले. "म्हणून तर रोज बसतो. चाळीसवरून बारावर आलोय. तू किती शब्दांवर आलीस?"

"काल आठ वाचले."

"चुकून?"

"चुकून नाही! आठच्या आठ." बारकी चिडली.

"मग जा आणि आज नऊ वाच. मी आज अकराच मोडतो. बघू कोण जिंकतं."

बारकी उठली. घंटा व्हायला लागली होती म्हणून पळालीच. आबा तिच्या उबदार क्रेटवर बसले आणि पहिलंच रोप त्यांनी मोडलं.

मिरचीचे अडीचशेपैकी एकशे ऐंशी ट्रे वेळेवर गेले. सत्तर उशिरा गेले, आणि त्यातल्या एका गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं ते केलंच. आबांनी त्याची समजूत काढली नाही. संध्याकाळी दिवा लागायच्या सुमारास गवंड्याची मुलगी घरी न जाता ओट्यावर बारकीशेजारी रेंगाळायला लागली होती, आणि पुस्तकावर आता दोन डोकी वाकलेली दिसत. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि आता कोणी उठवतही नव्हतं.

तीन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. सव्वीसच्या सव्वीस पोरं शाळेत होती. आबा समितीचे अध्यक्ष म्हणून आत खुर्चीवर बसू शकले असते, पण ते बाहेर खिडकीखाली उभे राहिले. एकेक आवाज बाहेर येत होता. भोंग्याने या वेळी कागदावरचंच वाक्य वाचलं. जुळ्यांतला दुसरा आता स्वतःच्या तोंडाने अक्षरं म्हणत होता, अडखळत, पण स्वतःच्या. मग बारकीचा आवाज आला आणि आबांनी खिडकीचा गज धरला.

उतारा होता. ती बोटाने शब्द धरून चालली होती. दोन शब्द, थांबा. तीन शब्द, थांबा. एका लांबलचक शब्दाशी ती अडली. आत कोणी खोकलं. ती मागे गेली, तो शब्द तोडला, एकेक तुकडा म्हटला, जोडला आणि पुढे निघाली. ओळ संपली. दुसरी संपली. अर्धा उतारा झाला तेव्हा बाईंनीच थांबवलं, वेळ झाली म्हणून.

नवांपैकी तिघं उताऱ्यावर पोचली होती. चौघं वाक्यांवर होती, दोघं अजून शब्दांत. निकाल असा काही डोळे दिपवणारा नव्हता. यादीत शाळा आता मधोमध कुठेतरी असेल. पण गुरुजी बाहेर आले ते तरतरीत चालीने आले, आणि या वेळी सायकल भिंतीला टेकलेली होती.

"अध्यक्ष, सही लागेल," त्यांनी कागद पुढे केला. दोन्ही तपासण्यांचा अहवाल होता, खाली समितीची जागा रिकामी. कागदाबरोबर रजिस्टरही होतं. आबांनी आधी रजिस्टर उघडलं. बारकीची ओळ. पहिली लाल शाई, आणि मग टिंब, टिंब, टिंब, तीन महिने, एकही चौकट कोरलेली नाही. त्यांनी जाड बोट त्या टिंबांवरून शेवटापर्यंत हळूहळू फिरवलं.

बारकी बाहेर आली होती आणि त्यांच्या कोपराशी उभी होती.

"काय लिहिलंय ते वाच," आबांनी अहवाल तिच्यासमोर धरला. "मला दिसत नाही. चष्मा विसरलो."

बारकीने कागद धरला. बोट ठेवलं. "प-हि-ली... पहिली तपा... तपासणी. एकूण वि-द्या... विद्यार्थी सव्वीस. हजर..." ती थांबली. कागदावरून वर बघितलं. "आबा, चष्मा तुमच्या खिशात आहे की. दांडी बाहेर आलीय."

"असू दे," आबा म्हणाले. "हजर किती, ते वाच."

"हजर सव्वीस," बारकीने वाचलं. "गैरहजर, शून्य."

आबांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.